पदवीदान, पाहुणे आणि गालबोट

"सोहळ्याला गालबोट लागू नये" हे वाक्य या महिन्यात मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्या शब्दाचीच दया येऊ लागली आहे. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात तो बाळ विद्रूप दिसावं म्हणून नाही, त्याला दृष्ट लागू नये म्हणून. (आमच्या ख्रिस्ती घरात याला अंधश्रद्धा म्हणत. आजी तरीही गुपचूप लावायची. असो.) म्हणजे गालबोट हे मुळात संरक्षण आहे. आपण मात्र त्याचा अर्थ नेमका उलटा करून ठेवला आहे, आणि हा उलटा अर्थ हातात घेऊन आमचे समस्त नातेवाईक एका बावीस वर्षांच्या मुलीच्या मागे लागले आहेत.

तर विषय असा. माझी भाची अमेरिकेत मध्यपश्चिमेतल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजातून यंदा पदवीधर होते आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या कॉलेजपेक्षा आपल्या घरातल्यांशी जास्त आहे. समारंभाचे प्रमुख पाहुणे म्हणून एका राजकारणी गृहस्थांना बोलावलं आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने निर्वासितांना देशात घेणं थांबवलं, त्याचं या गृहस्थांनी जाहीर समर्थन केलं होतं. भाची गेली तीन वर्षं दर शनिवारी चर्चच्या तळघरात ब्रह्मदेशातून आलेल्या चिन कुटुंबांतल्या मुलांना इंग्रजी शिकवते. ही मुलंही ख्रिस्ती, आणि त्यातल्या काहींचे काका-मामा अजून मलेशियात कागदपत्रांची वाट बघत अडकलेले. तिला तिथे पाठवलं कोणी? कॉलेजनेच! सेवा हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्याचे गुण मिळतात.

तिने आणि तिच्या अकरा मैत्रिणी-मित्रांनी ठरवलंय ते एवढंच, की गाऊनवर पिवळ्या कापडाची पट्टी लावायची, भाषणाला टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि आपण असं का करतो आहोत ते कॉलेजच्या वर्तमानपत्रात आपापल्या नावानिशी लिहायचं. घोषणा नाहीत, कोणी उठून जाणार नाही.

यावर आपल्याकडून गेलेले सल्ले: चार वर्षं काढलीस, दोन तास काढ. आईवडिलांच्या डोळ्यांसमोर तमाशा नको. पाहुणा हा पाहुणा. प्रभू सगळं बघतो, तू कशाला मधे पडतेस. आणि माझा सर्वांत आवडता: "आपली साक्ष बिघडेल."

या शेवटच्या वाक्यासाठी मी आज लिहायला बसलो.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मराठी ख्रिस्ती मंडळीत "साक्ष" हा अगदी रोजच्या वापरातला शब्द आहे. उपासनेत कोणीतरी उभं राहतं आणि साक्ष देतं: आजारी होतो, प्रार्थना केली, बरा झालो. मुलाला नोकरी नव्हती, लागली. सगळे म्हणतात आमेन. यात वाईट काही नाही. पण हळूहळू साक्ष म्हणजे "देवाने माझं कसं छान केलं" एवढंच उरलं, आणि त्याच्याही पुढे जाऊन साक्ष म्हणजे चारचौघांत आपली प्रतिमा. मुलगी नीट कपडे घालते, मुलगा दारू पीत नाही, घरात भांडणं ऐकू येत नाहीत, म्हणजे त्या घराची साक्ष चांगली! कोर्टात साक्षीदार काय करतो हे आपण विसरूनच गेलो. जे पाहिलं ते तो सांगतो. ज्याच्या विरुद्ध सांगायचं तो समोर बसलेला असतो, आणि तो बसलेला असतानाच सांगायचं असतं. तो गेल्यावर बाहेरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं तर त्याला साक्ष म्हणत नाहीत. नव्या करारातल्या मूळ ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द आहे, मार्तुस, त्यावरूनच पुढे इंग्रजीत हुतात्म्यासाठीचा शब्द आला. आपल्या मंडळीत साक्ष देऊन आजवर कोणाला साधा पडसाही झालेला मी पाहिला नाही.

आता २००५ ची गोष्ट. मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचं शहर आहे. तिथे डच वंशाच्या ख्रिस्ती लोकांनी १८७६ साली स्थापन केलेलं कॅल्विन कॉलेज आहे (२०१९ पासून ते युनिव्हर्सिटी झालं). जेमतेम चारेक हजार विद्यार्थ्यांचं. भाग रिपब्लिकन पक्षाचा पक्का बालेकिल्ला. २००४ ची निवडणूक जिंकून जॉर्ज बुश दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले, त्या विजयात गोऱ्या ख्रिस्ती मतदारांचा मोठा वाटा होता, आणि पुढच्या वर्षी व्हाइट हाउसकडून कळलं की राष्ट्राध्यक्ष कॅल्विनच्या पदवीदानाला येऊ शकतात. छोट्या कॉलेजला आणखी काय हवं! आधी ठरलेल्या वक्त्याला बाजूला व्हावं लागलं आणि २१ मे ही तारीख पक्की झाली.

आपल्या घरात हे घडलं असतं तर पेढे वाटले असते. तिथे काय झालं? कॉलेजच्या शिक्षकांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी राष्ट्राध्यक्षांना एक खुलं पत्र लिहिलं आणि ते स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून, खाली सगळ्यांची नावं देऊन छापलं. पत्राची सुरुवात बघा: तुमच्या पदाचा आम्हाला आदर आहे आणि कॉलेजबरोबर आम्हीही तुमचं स्वागत करतो. मग मुद्दे. इराकमधलं युद्ध अन्यायाचं आहे, त्याचं समर्थन होऊ शकत नाही. तुमची धोरणं गरिबांना सोडून श्रीमंतांचं भलं करतात. वेगळं मत असणाऱ्यांबद्दल तुमच्या सरकारात असहिष्णुता आहे. सृष्टीची निगा राखण्यात तुम्ही कमी पडता. आणि हे सगळं आम्ही ख्रिस्ती म्हणून म्हणतो. विद्यार्थी, शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांचं आणखी एक निषेधाचं पत्रही वेगळं छापून आलं.

समारंभाच्या दिवशी बऱ्याच पदवीधरांच्या गाऊनवर एक बिल्ला होता. देव रिपब्लिकनही नाही आणि डेमोक्रॅटही नाही, अशा अर्थाचा. बुश आले, बोलले. (भाषण युद्धाबद्दल नव्हतंच. लोकांनी एकत्र येऊन केलेल्या सेवाकार्याबद्दल होतं, तोकव्हिल वगैरे. वाईट नव्हतं.) टाळ्या पडल्या. बिल्ला लावलेल्यांनी रांगेत उभं राहून पदव्या घेतल्या. कोणी आरडाओरडा केला नाही, मंडपाला आग लागली नाही, आईवडिलांचे फोटो छान आले.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती नावांची यादी. निनावी पत्रक काढणं सोपं असतं. शेजारपाजारच्या सगळ्या लोकांनी ज्याला मत दिलं, कॉलेजच्या देणगीदारांनी ज्याला मत दिलं, ज्या चर्चमध्ये तुम्ही रविवारी बसता त्या चर्चने ज्याला मत दिलं, त्या माणसाला तुमचं चुकतंय हे गावच्या पेपरात नावानिशी सांगायचं आणि सोमवारी पुन्हा त्याच किराणा दुकानात जायचं... खरेदीखतावर डावीकडे खाली "साक्षीदार" म्हणून सही करतात ना, तशी ती यादी आहे. उद्या वाद झाला तर हा माणूस सापडला पाहिजे म्हणून नाव लिहायचं.

इथे नानाकाका म्हणतील (म्हणालेच आहेत), अरे पण पाहुणा घरी आल्यावर असं वागतात का? आपली संस्कृती काय सांगते?

नानाकाका, आदर ठेवून सांगतो. पदवीदानाचा पाहुणा हा भर दुपारी दारात आलेला तहानलेला वाटसरू नव्हे. तो बोलावून आणलेला असतो, आणि त्याला बोलावण्यात कॉलेजचा आणि येण्यात त्याचा असा दोघांचाही फायदा असतो. कॉलेजला फोटो मिळतो, देणगीदार खूश होतात, पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ मिळतं. त्याला काय मिळतं? काळे गाऊन घातलेली शेकडो तरुण मुलं, मागे क्रूस, आणि "हे माझ्या पाठीशी आहेत" असं एका शब्दानेही न म्हणता म्हणण्याची सोय. पदवीधर त्या चित्रातली मागची भिंत असतात. भिंत म्हणून उभं राहायला माझी भाची नकार देते आहे. तिने पाहुण्याला चहा नाकारलेला नाही.

आणि संस्कृतीचंच म्हणाल तर आपल्या पवित्र शास्त्रात हाच प्रसंग जसाच्या तसा आहे. आमोस हा मेंढरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. तो बेथेलला जातो, जिथे राजाचं देवस्थान आहे, आणि तिथे उभा राहून गरिबांना कसं नाडलं जातं ते सांगतो. तुमचे सण आणि तुमची गाणी देवाला नकोशी झाली आहेत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असं सांगतो. तेव्हा अमस्या नावाचा याजक त्याला काय म्हणतो? तुझं म्हणणं खोटं आहे असं तो म्हणतच नाही! तो म्हणतो, इथे नको. हे राजाचं ठिकाण आहे. तू आपल्या यहूदा देशात जा, तिथे भाकर खा आणि तिथे काय ते सांग.

"इथे नको." गेल्या महिन्यातले आपले सगळे निरोप काढून वाचा. एकाने तरी असं म्हटलंय का की ते गृहस्थ बरोबर आहेत आणि चिन मुलांच्या काकांना मलेशियातच राहू द्यावं? नाही. सगळे म्हणतायत पोरीचं बरोबर आहे, पण इथे नको, आज नको. अडीच हजार वर्षांहून जुना हा अमस्याचा सल्ला आहे आणि आपण तो प्रार्थनेचे हात जोडलेलं चित्र लावून पाठवतो. :)

आता दुसरी बाजू. कॉलेजवाले सगळे मतलबी असतात असं मला म्हणायचं नाही. छोट्या ख्रिस्ती कॉलेजांची भीती खरी आहे. मिशिगनमधली फिनलँडिया ही १८९६ साली सुरू झालेली लूथरन संस्था २०२३ मध्ये बंद झाली. न्यूयॉर्कची अलायन्स युनिव्हर्सिटी, मूळची १८८२ ची, तीही त्याच वर्षी. विद्यार्थी कमी होतायत, फी परवडत नाही, शंभर वर्षांची इमारत गळते. अशा वेळी एखादा वजनदार पाहुणा हो म्हणाला तर अध्यक्षांना नाही म्हणवत नाही, हे मला कळतं. पण कॉलेज वाचवण्यासाठी ज्या गोष्टीकरता कॉलेज काढलं तीच दोन तास बाजूला ठेवायची, तर वाचलं ते नेमकं काय? लॉन आणि घंटाघर?

इंडियानातल्या अपलँड या खेड्यात टेलर युनिव्हर्सिटी आहे, दोनेक हजार विद्यार्थ्यांची. तिथे २०१९ च्या मे महिन्यात तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स पदवीदानाला आले. ते बोलायला उठण्याआधी काही डझन विद्यार्थी आणि काही शिक्षक गाऊन-टोपीसकट उठून बाहेर गेले, आणि उरलेल्या बहुसंख्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बातम्यांत तेवढंच आलं. मला विचाराल तर त्याहून मोठी गोष्ट आधीच घडली होती. शिक्षकांच्या सभेत या निमंत्रणाविरुद्ध मतदान झालं, आणि ६१ विरुद्ध ४९ मतांनी शिक्षकांनी असहमती नोंदवली. ज्यांच्या पगारावर सही करणाऱ्यांनी पाहुणा बोलावला, त्यांनीच हे मत दिलं. त्याने निमंत्रण रद्द झालं नाही. कॉलेजच्या दप्तरात मात्र तो आकडा कायमचा राहिला.

उठून जाणं मला स्वतःला तितकंसं रुचत नाही, हेही सांगून टाकतो. जागा रिकामी झाली की फोटोत ती दिसत नाही, कॅमेरा दुसरीकडे वळतो. बसून राहिलेला, टाळ्या न वाजवणारा माणूस मात्र चित्रात राहतो आणि चित्र बिघडवतो. पण ही माझी पुण्यात बसून केलेली चिकित्सा झाली. त्या मुलांना त्या खुर्चीत बसवेना, त्यांनी ती सोडली, यात मी त्यांना नावं ठेवणार नाही.

एक शंका अनेकांच्या मनात असेल: पाहुणा दुसऱ्या पक्षाचा असता तर? चांगला प्रश्न आहे. २००९ साली नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाने (छोटं नाही ते, पण प्रश्न तोच) बराक ओबामांना पदवीदानाला बोलावलं. गर्भपाताच्या प्रश्नावर काही पदवीधर समारंभाला न जाता मेरीच्या गुहेपाशी प्रार्थनेला बसले. काहींनी टोपीवर क्रूस आणि बाळाच्या पावलांचं चित्र लावलं. हार्वर्डच्या प्राध्यापिका मेरी अॅन ग्लेंडन यांना त्याच समारंभात विद्यापीठाचं सर्वोच्च पदक मिळणार होतं, ते त्यांनी नाकारलं. या प्रश्नावर माझं मत त्यांच्यासारखं नाही. तरी त्यांनी जे केलं ती साक्षच होती. आणि गंमत बघा, आपल्यातल्या ज्यांनी भाचीला गप्प बसायला सांगितलं त्यांच्यापैकी दोघांनी तेव्हा ती पदक नाकारल्याची बातमी मला मेलवर पाठवली होती, "याला म्हणतात विश्वास" असं लिहून. नावं घेत नाही.

सिअ‍ॅटल पॅसिफिक युनिव्हर्सिटीत २०२२ च्या जूनमध्ये आणखी वेगळंच झालं. समलिंगी संबंधांतल्या लोकांना नोकरीवर न ठेवण्याचं धोरण विश्वस्तांनी कायम ठेवलं होतं. पदवीदानाच्या वेळी कित्येक पदवीधरांनी मंचावर हंगामी अध्यक्षांशी हात मिळवण्याऐवजी त्यांच्या हातात एकेक छोटा इंद्रधनुषी झेंडा दिला. या विषयावर आपल्या घरात दोन तट आहेत, मला ठाऊक आहे, आणि तो वाद आज इथे नको (बघा, मीही म्हणालो!). सांगायचं इतकंच की त्या मुलांनी पदवी फेकून दिली नाही, कॉलेज सोडून गेली नाहीत. कॉलेजवर हक्क सांगत त्याच मंचावरून चालत गेली.

आता जरा घरचं. आपण नगरचे लोक. रविवारी नारायण वामन टिळकांची भजनं गाताना आपला ऊर भरून येतो. ह्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि "देवाचा दरबार" काढला. ख्रिस्त हिंदुस्थानी माणसाला मिशनच्या आवाराबाहेर भेटला पाहिजे असं त्यांना वाटत होतं. त्या काळी मिशनच्या घरांतून आपल्यासारख्याच काका-मावश्यांनी त्यांना काय काय सांगितलं असेल? पेन्शनचा विचार करा. लक्ष्मीबाईंचा विचार करा. गोऱ्या साहेबांचे आपल्यावर उपकार आहेत. तुमची साक्ष बिघडेल.

आणि पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८४ पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या. ज्या आश्रमाने आसरा दिला त्याच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रापत्री वाद. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, त्यावरून वाद. त्रैक्यावरून वाद. हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असं त्यांनी साफ कळवलं. परक्या देशात, दुसऱ्यांच्या अन्नावर, लहान मुलीला पदरी घेऊन! ती पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने छापली गेली आहेत, ज्यांना "कृतज्ञता" या विषयावर भाचीला आणखी काही कळवायचं असेल त्यांनी आधी ती वाचावीत. रमाबाईंचा फोटो आपल्या तीन घरांत तरी भिंतीवर आहे. एकाही घरात आज तशी मुलगी खपेल असं दिसत नाही.

ताई, तुझ्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे, आणि तू हे वाचशील म्हणून इथेच लिहितो. तुझी काळजी समारंभाची नाही, नोकरीची आहे. शिफारसपत्र देणारे प्राध्यापक नाराज होतील, इंटरनेटवर नाव शोधलं की तो लेख वर येईल. ही काळजी खोटी नाही. तिला त्याची किंमत मोजावी लागू शकते आणि मी इथून ती भरून देऊ शकणार नाही. म्हणून मी तिला "कर" असंही सांगितलेलं नाही. तिने विचारलं, मामा, तुला काय वाटतं? मी म्हटलं, तू शनिवारी त्या मुलांना काय शिकवतेस ते मला सांग. तिने अर्धा तास सांगितलं. एका नऊ वर्षांच्या मुलाला फक्त भूतकाळ जमत नाही, तो सगळं "आहे"मध्येच सांगतो. गाव आहे, घर आहे, काका आहे. पिवळ्या पट्टीबद्दल आम्ही त्यानंतर काही बोललो नाही.

फक्त एक करा. चौघा जणांना आत बसायचे पास मिळतात, त्यातला एक म्हणे कोणीतरी परत करणार आहे, "हे असलं बघायला" जायचं नाही म्हणून. तो पास परत करू नका, त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला द्या. तिला मुलीने घरी बोलावून विचारलंय, तिला यायचं आहे.

अवांतर: आमोसाचा सातवा अध्याय एकूण सतरा ओव्यांचा आहे, वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दादा, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी शास्त्रपाठाची पाळी तुमची आहे. सांगून ठेवतो, मी पुढच्याच बाकावर बसणार आहे.